सकाळी चालू, दुपारी बंद

मे महिन्यात अण्णांचा फोन सकाळी साडेसहाला आला, की समजायचं रात्रभर डोळ्याला डोळा लागलेला नाही. "बाई, ह्या ऑटोचं काय कळंना बघ," ते म्हणाले. "सकाळी चालू व्हायलंय, उन्हं चढली की बंद पडायलंय. सांजच्याला परत आपलं आपण चालू. मिस्त्री म्हणतोय कार्ड गेलं, नवं आणा." ऑटो म्हणजे शेतातली पाण्याची मोटार चालू-बंद करणारी पेटी, आणि कार्ड म्हणजे तिच्यातला सर्किट बोर्ड. त्यांच्या मागे पाण्याचा आवाज येत होता, म्हणजे त्या घडीला मोटार चालूच होती. शनिवारी येते, तोवर नवं घेऊ नका, असं सांगून मी फोन ठेवला. डबा भरला, कामावर गेले. पण ते वाक्य काही डोक्यातून जाईना. कार्ड जळलं असतं तर ते सकाळीही चाललं नसतं. गारव्यात जुळणारं आणि उन्हात तुटणारं काहीतरी त्या पेटीत होतं. ते काय असणार हे मला पेटी न उघडताच कळलं होतं, आणि कळल्याचं समाधान काही वाटत नव्हतं.

आमचं शेत सेलूपासून बारा किलोमीटरवर. दोन एकर मोसंबी, बाकी सोयाबीन आणि तूर. मोसंबीच्या झाडाला मे महिन्यात आठ दिवस पाणी चुकलं तर त्या वर्षाचं फळ तर जातंच, झाडही मागे पडतं. लाईट एका आठवड्याला दिवसा, एका आठवड्याला रात्री. एकाहत्तर वर्षांच्या माणसानं अंधारात साप-विंचवातून मोटार चालू करायला जाऊ नये, म्हणून मोबाइलवर चालणारा ऑटो तीन वर्षांपूर्वी मीच घेऊन दिला होता. दुकानात मी कार्ड हातात घेऊन उलटसुलट बघितलं होतं. हिरवा, चकचकीत, दोन्ही बाजूंनी वीज वाहून नेणारे तांब्याचे ट्रॅक असलेला बोर्ड. चांगला आहे, असं मीच अण्णांना म्हणाले होते.

वरून बघून.

आमच्याकडे 'व्हाया' हा शब्द लेकरं शाळेत जायच्या आधी एसटी स्टँडवर शिकतात. गाडी व्हाया जिंतूर हाय का व्हाया पाथरी, असं विचारल्याशिवाय कुणी चढत नाही. पुढे डिप्लोमा करून वाळूजच्या एका छोट्या कारखान्यात लागले तेव्हा तोच शब्द पुन्हा भेटला. सर्किट बोर्डाच्या एका थरावरचा ट्रॅक दुसऱ्या थरावर न्यायचा असेल तर मध्ये एक बारीक भोक पाडतात आणि त्याच्या भिंतीला आतून तांबं चढवतात. त्या भोकाला व्हाया म्हणतात. वीज वरच्या थरावरून निघते, भोकाच्या भिंतीवरून खाली उतरते आणि खालच्या रस्त्याला लागते. चार, सहा, आठ थरांच्या बोर्डात मधल्या थरांनाही हीच भिंत जोडते. काही भोकं वरून निघून मध्येच थांबतात, काही तर पूर्ण पोटात असतात, बाहेरून दिसतच नाहीत. आम्ही मात्र साधे दोन आणि चार थरांचे बोर्ड करायचो. १.६ मिलीमीटर जाडी, आणि सगळ्यात बारीक भोक ०.३ मिलीमीटरचं. ड्रिल मिनिटाला लाखाच्या वर फेरे घ्यायचा. त्याचा आवाज कानाला जवळजवळ लागायचाच नाही, दाढांना लागायचा.

मला त्या कारखान्यातली प्लेटिंग लाईन, म्हणजे भोकांना तांबं चढवायच्या हौदांची रांग, फार आवडायची, हे मान्य केलं पाहिजे. आज तिथल्या एका गोष्टीनं झोप जात असली तरी आवडायची. ड्रिलच्या घर्षणानं बोर्डातलं रेझिन, म्हणजे थर चिकटवून ठेवणारं प्लॅस्टिक, मऊ पडतं आणि आतल्या थरांच्या तांब्याच्या कडेवर लिंपलं जातं. ते खरवडून काढायला गरम परमँगनेटचा हौद होता, गर्द जांभळा. लहानपणी पावसाळ्याच्या तोंडाला गावच्या विहिरीत टाकायचे त्याच घराण्यातलं ते औषध, त्यामुळे त्या हौदाशी माझी ओळख निघाली होती. तिथून पुढे पॅलेडियमचा हौद. भोकाची भिंत म्हणजे काचेचे धागे आणि रेझिन, तिच्यातून वीज वाहत नाही आणि जिथं वीज नाही तिथं विजेनं तांबं चढवताही येत नाही. म्हणून आधी पॅलेडियमचे डोळ्याला न दिसणारे कण त्या भिंतीवर बसवायचे. दुधाला विरजण लावतात तसं. मग पुढच्या हौदात विजेशिवायच, नुसत्या रसायनानं, त्या कणांभोवती तांबं धरू लागतं. ही पहिली साय एखाद्या मायक्रॉनची, म्हणजे मिलीमीटरच्या हजाराव्या भागाची, कधी त्याहून कमी. तिथं फॉर्मॅलिनचा वास असा असायचा की नव्या पोरीच्या डोळ्यांतून आठवडाभर पाणी यायचं. आणि सगळ्यात शेवटी तो निळा हौद.

मोरचूद! मी पहिल्या दिवशी हौदाच्या काठावर उभी राहून मनातल्या मनात म्हणाले. हे तर अण्णांचं मोरचूद.

मोसंबीला डिंक्या लागू नये म्हणून अण्णा बुंध्याला बोर्डो पेस्ट लावायचे, अजून लावतात. एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना, दहा लिटर पाणी. दोन्ही वेगवेगळं भिजवायचं, प्लॅस्टिकच्या बादलीत, लोखंडाचं भांडं चालत नाही. मिसळून झालं की अण्णा विळा घासूनपुसून घ्यायचे, त्याचं पातं बादलीत बुडवायचे, थोडा वेळ थांबायचे आणि वर काढून उन्हात धरायचे. पातं लालसर झालं असेल तर अजून चुना घालायचा, नाहीतर झाडाला जळजळ होते. ते लालसर काय आहे हे तेव्हा मला कळत नव्हतं. मी विळा हातात घेऊन ती लाली बोटानं पुसायची, बोटाला लागायची. पाण्यात विरघळलेलं तांबं लोखंडावर येऊन बसत होतं. आठ-नऊ वर्षांची असेन. प्लेटिंग मी पहिल्यांदा बघितलं ते कारखान्यात नव्हे, आमच्या मोसंबीत, विळ्याच्या पात्यावर. कारखान्यातल्या जुन्या माणसांना मी हे सांगितलं तेव्हा लाईनवरचे एक काका, जे स्वतः पैठणकडचे, म्हणाले, "मग तुला शिकवायचं काय राहिलं?"

त्या काकांनीच मला बोर्ड म्हणजे मुळात कापड आहे हे दाखवलं. कडेचा एक तुकडा जाळला, रेझिन जळून गेलं आणि हातात काचेच्या धाग्यांचं पांढरं विणलेलं फडकं राहिलं. ताणा आणि बाणा, अगदी मागावरचा. त्यांच्या आजोळी पैठणीचे माग होते, त्यामुळे ते धाग्याच्या भाषेतच बोलायचे. "ह्याला उभा धागा हाय, आडवा धागा हाय. लांबी-रुंदीला हे फुगत नाही, धागे धरून ठेवतात. पर जाडीला धागा कुठाय?" जाडीला धागा नाही. अशी फडकी एकावर एक ठेवून रेझिननं चिकटवलेली असतात. बोर्ड तापला की त्याला फुगायला एकच दिशा मोकळी राहते, जाडीची. पुढे मी ते आकडे शिकले. जाडीच्या दिशेनं हा माल दर अंशाला दहा लाखात साठ भाग तरी फुगतो, तांबं सतरा. १.६ मिलीमीटरचा बोर्ड साठ अंशांनी तापला तर जवळजवळ सहा मायक्रॉन वाढतो, तांब्याला त्यात दीड-पावणेदोन वाढायचं असतं. उरलेले चार मायक्रॉन बोर्ड तांब्याला ओढत नेतो. गार झाला की सोडतो. दुसऱ्या दिवशी परत ओढतो. सोल्डरिंगच्या वेळी अडीचशे अंशांच्या आसपास तर रेझिन मऊ पडलेलं असतं आणि फुगणं तीन-चार पटींनी वाढतं, म्हणजे तांब्याची पहिली परीक्षा बोर्ड कारखान्यातून बाहेर पडायच्या आधीच झालेली असते. ह्या सगळ्या ओढाताणीला तोंड देणारी भिंत किती जाड? वीस-पंचवीस मायक्रॉन. डोक्याच्या केसाचा तिसरा हिस्सा.

आणि ही भिंत सगळीकडे सारखी नसते. विजेचा ओघ टोकांवर, कडांवर जास्त, त्यामुळे भोकाच्या तोंडाशी तांबं जाड बसतं आणि पोटात पातळ. पातळ होऊ नये म्हणून हौदात हवा सोडतात, टांगलेले बोर्ड सारखे पुढे-मागे हलवत ठेवतात, की भोकात ताजं द्रावण खेळतं राहावं, बुडबुडा अडकू नये. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे घाई करायची नाही. चौरस डेसिमीटरला दोन अँपिअरच्या आसपास करंट ठेवला तर पंचवीस मायक्रॉन चढायला तासभर लागतो. करंट वाढवला तर तास कमी होतो, पण मग तोंडाशीच तांबं थापलं जातं आणि पोट उपाशी राहतं. मला हे वाक्य पाठ आहे कारण ते काका रोज म्हणायचे.

माझं काम प्लेटिंगच्या पुढचं, लॅबमध्ये. प्रत्येक पॅनेलच्या कडेला एक कूपन असायचं, बोर्डात असतात तशीच भोकं असलेली एक पट्टी. ती कापायची, साच्यात उभी करून वर रेझिन ओतायचं, कडक झालं की पाण्याखाली पॉलिश पेपरवर घासत जायचं, खरखरीतपासून बारीक, बारीकपासून अजून बारीक, शेवटी मखमली कापडावर. घासता घासता भोकाच्या बरोबर मध्यावर थांबायचं. पुढं गेलं तर भिंत उगाच जाड दिसते, मागं राहिलं तरी तेच. बोटांना अंदाज यायला मला चार महिने लागले. मग सूक्ष्मदर्शकाखाली धरायचं. काय सुंदर दिसायचं ते! दोन्ही बाजूंना काचेच्या धाग्यांची गोलगोल टोकं, ज्वारीचे दाणे ओळीत मांडल्यासारखी, आणि त्यांना लागून वरपासून खालपर्यंत उतरत गेलेली गुलाबी तांब्याची रेघ. सहा वर्षांत मी अशा हजारो रेघा बघितल्या असतील. प्रत्येक भिंत तीन ठिकाणी मोजायची, दोन्ही बाजूंना, आणि सरासरी लिहायची. आयपीसी ६०१२ ह्या सर्किट बोर्डांच्या मानकाप्रमाणे आमच्या वर्गाच्या बोर्डांना सरासरी २० मायक्रॉन हवेत आणि कुठंही १८ च्या खाली जायला नको.

ते दिवाळीच्या आधीचे दिवस होते. माल थांबलेला, ग्राहकाचे फोन, दोन पाळ्यांचं काम दीड पाळीत. एका लॉटचं कूपन घासून मी सूक्ष्मदर्शकाखाली धरलं तर तोंडाशी २६ आणि पोटात १३. पुन्हा मोजलं. १३. वरिष्ठांना दाखवलं. त्यांनी डोळा लावून बघितलं, सरळ झाले आणि शांतपणे म्हणाले, "दुसरं भोक घे." त्यांनी दरडावलं नाही, धमकी दिली नाही, हे मला आजही आठवतं, कारण त्यामुळे माझ्याकडे सांगायला कारण राहत नाही. मी दुसरं भोक घासलं. १४ आलं. तिसरं घेतलं, ते जरा मोठ्या मापाचं होतं, मोठ्या भोकात द्रावण सहज खेळतं, तिथं १९ आलं. त्या भोकाचं तोंडाचं माप धरून सरासरी २१ झाली. मी २१ लिहिलं, सही केली. लॉट गेला. विजेची चाचणी सगळ्या बोर्डांनी पास केली, कारण नवीन असताना १३ मायक्रॉनमधूनही वीज व्यवस्थित जाते. ती तिथं अडतच नाही. अडते ती तीन-चार उन्हाळे काढल्यावर, कुणाच्या तरी शेतात, पत्र्यावर टांगलेल्या पेटीत.

ते बोर्ड कुठं गेले मला माहीत नाही.

पुढे कारखाना सोडला, त्याला हे एकच कारण होतं असं म्हणणार नाही. लग्न झालं, मुलगा झाला, आता छत्रपती संभाजीनगरातच एका दुरुस्तीच्या वर्कशॉपमध्ये काम करते. मेलेली कार्डं येतात, आम्ही जिवंत करतो. कामात समाधान आहे. पण 'गरम झालं की बंद पडतं' अशी चिठ्ठी लावलेलं कार्ड टेबलावर आलं की माझा हात आधी बोर्ड बनवणाऱ्याची खूण शोधतो. अजून ती खूण सापडलेली नाही. सापडू नये असं वाटतं, आणि सापडली तर बरं होईल असंही वाटतं.

शनिवारी सकाळच्या गाडीनं निघाले. जालना, परतूर, सेलू. खिडकीतून येणारा वारा परतूरलाच भट्टीसारखा झाला होता. परभणीचा पारा ४३ च्या पुढे गेल्याचं डब्यात कुणीतरी मोबाइलवर वाचून दाखवत होतं. शेतात पोचले तेव्हा दीड वाजलेला, मोटार बंद, अण्णा मोसंबीच्या सावलीत डोक्याला रुमाल बांधून बसलेले. ऑटोची लोखंडी पेटी खोपीच्या पत्र्याला, पश्चिमेच्या बाजूला लावलेली. तिच्या कडीला बोट लावलं आणि चटका बसून मागे घेतलं. मेन स्विच पाडला, फ्यूज काढून खिशात ठेवले, कार्ड सोडवलं आणि घरी नेलं. रात्री ते गार झाल्यावर मल्टिमीटर घेऊन बसले. मोटार चालू-बंद करणाऱ्या रिलेकडे जाणाऱ्या ट्रॅकवर एक व्हाया होता. वरच्या पॅडवर एक टोक, खालच्या पॅडवर दुसरं. बीप. जोडलेलं. मला तेच अपेक्षित होतं.

सकाळी दहाला मी ते कार्ड पत्र्यावर उन्हात ठेवलं. अर्ध्या तासानं फडक्यात धरून उचललं आणि पुन्हा टोकं लावली. आवाज नाही. अंगठ्यानं बोर्ड दोन्ही बाजूंनी दाबला, बीप. सोडला, बंद. दाबला, बीप. अण्णा शेजारी उकिडवे बसून बघत होते. "काय निघालं?" मी म्हणाले, "अण्णा, ह्या भोकाच्या आतून तांब्याचं अस्तर असतं. ते मध्येच आडवं चिरलंय. गार असलं की चिरेचे दोन काठ एकमेकाला टेकतात. तापलं की बोर्ड फुगतो आणि काठ सुटतात." अण्णांनी थोडा वेळ विचार केला. "म्हंजी केसिंग फाटलं म्हण की."

होय, केसिंगच. आमचा पहिला बोअर २०१२ च्या उन्हाळ्यात घेतलेला. वर काळी माती, मग मुरूम, मग खडक. मुरूम संपून खडक लागेपर्यंत केसिंग, म्हणजे भोकाला आतून आधार देणारा पाइप, घालायचं असतं, बोअरवाल्यानं वीस फूट कमी घातलं आणि पैसे पूर्ण घेतले. दोन पावसाळ्यांनी आतून मुरूम ढासळला, मोटार खालीच अडकली, अजून तिथंच आहे. वरून बघायला तोंड व्यवस्थित होतं, झाकण होतं, सिमेंटचा ओटा होता. अण्णा त्या माणसाचं नाव आजही घेत नाहीत, घ्यायची वेळ आली की नुसतं 'तो' म्हणतात. त्या वर्षी घरात त्याच्याबद्दल जे बोललं गेलं त्यात माझाही आवाज होता, आणि सगळ्यात चढा होता.

भोकातलं चिरलेलं तांबं भरून काढता येत नाही. मी तांब्याची एक बारीक तार घेतली, सँडपेपरनं चकचकीत केली, भोकातून ओवली, दोन्ही बाजूंना वळवली आणि सोल्डर केली. भिंतीला तांबं चढवायची कला येण्याच्या आधी दोन बाजू अशाच जोडायचे लोक, तार ओवून नाहीतर बारीक रिव्हेट ठोकून. जुनी रीत, पण पक्की. फ्लक्सचा धूर नाकात गेला. परत उन्हात ठेवलं, तापवलं, टोकं लावली. बीप आली आणि थांबली नाही. अण्णा पहिल्यांदा हसले.

पण त्या कार्डावर एकच भोक नव्हतं. मी मोजली नाहीत, शंभराच्या वर नक्की असतील, आणि ती सगळी एकाच हौदातून, एकाच घाईतून गेलेली. जी तीन उन्हाळे टिकली ती पाचवा काढतील का, हे बोर्ड कापून घासल्याशिवाय सांगता येत नाही, आणि कापलेला बोर्ड मोटार चालू करत नाही. म्हणून दुसरं काम पेटीचं. पेटी पश्चिमेकडून काढून उत्तरेच्या बाजूला लावली. वरून तुराट्यांचं छप्पर करायचं ठरलं. ऊन कमी लागलं तर बोर्ड कमी फुगेल, तांब्याची ओढ कमी होईल. दहा अंश वाचले तरी पुष्कळ.

दोन वाजता लाईट आली. अण्णांनी मोबाइल काढला, डोळे बारीक करून बटण दाबलं. खोपीतून रिलेचा टक् असा आवाज आला, मग मोटारीची घरघर, मग बराच वेळ नुसती पाइपातली हवा, आणि मग पाणी. अण्णा चप्पल काढून पाण्यात उभे राहिले. मग येऊन तुराट्या जुळवायला बसले, मी त्यांना सुतळी तोडून देत होते.

"तू कंपनीत हीच भोकं बघायचीस ना?" त्यांनी मान वर न करता विचारलं.

"हीच."

आणि मग मी त्यांना १३ ची गोष्ट सांगितली. दिवाळीचे दिवस, दुसरं भोक, तिसरं भोक, २१ आणि सही. नवऱ्यालाही सांगितली नव्हती. मोटार चालू होती, त्यामुळे मला जरा मोठ्यानं बोलावं लागलं. अण्णा तुराट्यांची पेंढी गुडघ्याखाली दाबून ऐकत राहिले. माझं सांगून झालं तरी काही बोलले नाहीत. मग हात पुढे केला, मी सुतळी दिली, आणि त्यांनी एक वेढा जास्तीचा घेऊन गाठ आवळली.